रिकामे की मोकळे?

"रिकामी खोली दाखवायची आणि तिला कला म्हणायचे, हा शुद्ध भोंदूपणा आहे." आधुनिक कलेचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित ख्रिस्ती घरांतून हे वाक्य हमखास ऐकू येते. ते उच्चारणारी माणसे अडाणी नसतात. त्यांपैकी कित्येकांनी रोमला जाऊन सिस्टीन चॅपेलचे छत मान दुखेपर्यंत पाहिलेले असते. त्यांच्या लेखी कला म्हणजे काहीतरी कोरलेले, रंगविलेले, भरलेले. जेथे असे काहीच दिसत नाही तेथे कलावंताने आपल्याला बनविले, अशी त्यांची खात्री होते.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या चर्चच्या वेदीमागच्या भिंतीचे गिलाव्याचे काम झाले. भिंत पांढरी झाली आणि तशीच राहिली. लगेच एका सज्जन दात्याने तेथे संगमरवरी तुकड्यांचे भव्य चित्र बसवून देण्याची तयारी दाखविली. आम्ही काही जणांनी पॅरिश कौन्सिलमध्ये विनंती केली की निदान वर्षभर ती भिंत तशीच राहू द्यावी. त्यावर हशा पिकला आणि वर दिलेले वाक्य आमच्या तोंडावर फेकण्यात आले. परदेशी भोंदूंची पुस्तके वाचून आमची डोकी फिरली, असेही कोणी म्हणाले. त्या सभेत उत्तर देण्यास वेळ मिळाला नाही, म्हणून ते येथे देत आहोत. भांडण घरातले आहे; आवाज थोडा चढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम सर्वांत मोठ्या 'भोंदू'लाच साक्षीला बोलावू. २८ एप्रिल १९५८ रोजी पॅरिसमधील ईरिस क्लेर यांच्या चिमुकल्या कलादालनात ईव्ह क्लाइन या चित्रकाराचे प्रदर्शन उघडले. तो त्याचा तिसावा वाढदिवस होता. खिडकीची काच निळ्या रंगाने झाकलेली, प्रवेशद्वारी निळा पडदा, आणि आत? आत भिंती पांढऱ्या केलेल्या, बाकी काही नाही. एकही चित्र नाही. ते पाहण्यासाठी रस्त्यावर हजारोंची झुंबड उडाली आणि गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. पुढे क्लाइनने याच्यावरही कडी केली. तो अदृश्य अवकाशाचे 'भाग' विकू लागला. मोल सोन्यात घ्यायचे आणि त्याची पावती द्यायची. ग्राहकाने ती पावती जाळून टाकली तर क्लाइनने मिळालेल्या सोन्यापैकी अर्धे पाण्यात फेकायचे. १९६२ साली पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी साक्षीदारांसमक्ष हा विधी खरोखर पार पडला.

आता खुशाल हसा. परंतु हाती आलेले सोने नदीत टाकणारा भोंदू आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही. आणि आमच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा क्लाइन संत रीताचा निस्सीम भक्त होता. अशक्यप्राय गोष्टींसाठी जिचा धावा करायचा त्या संतीणीच्या काशिया येथील मठात १९६१ साली त्याने एक पारदर्शक पेटी नेऊन दिली. तिच्यात निळे आणि गुलाबी रंगद्रव्य, सोने आणि स्वहस्ते लिहिलेली प्रार्थना होती. त्याने या नवसाचा कोठेही गाजावाजा केला नाही. जो माणूस जाहिरातीसाठी वाटेल ते करतो असे लोक म्हणत, त्याने आपली सर्वांत खाजगी कलाकृती धर्मभगिनींच्या हवाली केली आणि तो गप्प राहिला. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो वारला. ती पेटी जगापुढे आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

क्लाइनचे सगळेच आम्हांला पटते असे नाही. त्याच्या नावाने पुढे अनेक उथळ मंडळींनी दुकाने थाटली, आणि त्यांच्या प्रदर्शनांच्या पुस्तिकांतून जे अगम्य गद्य छापले जाते त्यापेक्षा कोरी पाने बरी. आमचे म्हणणे एवढेच की, आरोप करण्यापूर्वी आरोपीची ओळख करून घ्यावी.

या वादात आमची मराठी भाषा आम्हांला मदत करते. एकाच गोष्टीला तिच्यात दोन शब्द आहेत: रिकामे आणि मोकळे. रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये, रिकामटेकड्याला कोणी मुलगी देत नाही, रिकामे बसणे हा दोष. याउलट मन मोकळे करावे, श्वास मोकळा घ्यावा, सोडविलेला माणूस मोकळा होतो. दोन्ही शब्द काही नसण्याविषयीच बोलतात. पण एकात उणीव आहे आणि दुसऱ्यात सुटका. तिसरा शब्द 'अवकाश'. तो उच्चारला की हल्ली मुलांना रॉकेटच आठवते. आमची आजी मात्र "जेवायला अजून अवकाश आहे" असे म्हणत असे. येणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवलेला वेळ, असा त्याचा अर्थ तिला शाळेत न जाता कळत होता. आजचे गंभीर कलावंत अवकाशाचा शोध घेतात म्हणजे नेमके काय करतात, असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगू की, जे आपण रिकामे म्हणून टाकून देतो ते मोकळे आहे, भारलेले आहे, कोणासाठी तरी राखलेले आहे, हे ते आम्हांला पाहायला लावतात.

हे नुसते शब्दांचे खेळ वाटू नयेत म्हणून एका घराची हकिगत सांगतो. पूर्व लंडनमधील बो या भागात ग्रोव्ह रोडवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरांची एक रांग होती. कष्टकरी लोकांची वस्ती. तेथे हिरवळ करायची म्हणून स्थानिक प्रशासनाने एकेक घर पाडत आणले. शेवटी १९३ क्रमांकाचे तिमजली घर तेवढे उरले, कारण त्यातला वृद्ध रहिवासी हलायला तयार नव्हता. अखेर तोही गेला. तेव्हा रेचल व्हाइटरीड या तरुण शिल्पकर्तीने, आर्टएंजल या संस्थेच्या साह्याने, पाडकामापूर्वी ते घर काही काळासाठी मागून घेतले. तिने घराच्या आतून भिंतींना लोखंडी जाळी लावून तिच्यावर काँक्रीट फवारून घेतले. ते घट्ट झाल्यावर बाहेरच्या विटा, दारे, खिडक्या, छप्पर सारे उतरवून टाकले. म्हणजे घर हाच साचा झाला. साचा फोडला आणि आतली पोकळी उभी राहिली.

२५ ऑक्टोबर १९९३ रोजी लोकांनी पाहिले ते हे. जेथे चुलाणे आत गेलेले होते तेथे आता काँक्रीटचा उंचवटा बाहेर आला होता. दरवाजाच्या फळ्यांच्या खाचा उलट्या उमटल्या होत्या. विजेच्या बटणांचे ठसे होते. जिन्याच्या पायऱ्यांची नागमोडी रेघ एका बाजूला दिसत होती. ज्या हवेत कोणीतरी जेवले, भांडले, आजारी पडले, बाळांना झोपविले, ती हवा दगड होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. आणि तिच्यात कोणालाही शिरता येत नव्हते! गेलेल्या घरात माणसाला परत जाता येत नाही, ही गोष्ट इतक्या साधेपणाने सांगणारे दुसरे काही आम्हांला ठाऊक नाही. कलाकृतीचे नाव केवळ 'घर'.

पुढे जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने फार बोलके आहे. २३ नोव्हेंबर १९९३ या एकाच दिवशी व्हाइटरीडला ब्रिटनमधील प्रतिष्ठेचा टर्नर पुरस्कार जाहीर झाला (तो मिळविणारी ती पहिली स्त्री) आणि त्याच दिवशी तेथल्या स्थानिक लोकप्रतिनिधींनी ते शिल्प पाडण्याचा निर्णय घेतला. त्याच संध्याकाळी एका टवाळ मंडळीने तिला 'सर्वांत वाईट कलावंत' म्हणून टर्नरच्या दुप्पट, चाळीस हजार पौंडांचे बक्षीस देऊ केले. न घेतल्यास नोटा जाळू, अशी धमकी होती. तिने ते पैसे घेतले आणि गरजू कलावंत व बेघरांसाठी झटणारी एक संस्था यांना देऊन टाकले. ११ जानेवारी १९९४ रोजी यंत्रे आली आणि अकरा आठवडे उभे असलेले 'घर' काही तासांत जमीनदोस्त झाले. आज तेथे गवत आहे.

"हा काँक्रीटचा ठोकळा कशासाठी?" असे त्या वेळी लोक विचारीत होते. ही माणसे पाषाणहृदयी होती असे आम्ही म्हणत नाही. पण ओळीतली सारी घरे पाडली जात असताना हा प्रश्न इतक्या मोठ्याने कोणी विचारला नव्हता. घर पाडणे हा कारभार, पाडलेल्या घराची आठवण उभी करणे हा वेडेपणा! आमच्या वसईच्या वाचकांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नसावी. ओटी, माजघर आणि माळा असलेले घर उतरवून तेथे चार मजली इमारत चढविताना त्या माजघरातल्या अंधाराचा हिशोब कोणत्या करारनाम्यात लिहिलेला असतो? चौरस फुटांच्या कोष्टकात त्याला रकाना नसतो. व्हाइटरीडने नेमका तो रकाना भरला.

त्याच बाईने पुढे व्हिएन्नाच्या युडनप्लाट्झ चौकात, २००० साली, नाझींनी मारलेल्या ऑस्ट्रियातील पासष्ट हजार यहुद्यांचे स्मारक उभारले. एक काँक्रीटची ग्रंथशाळा. पुस्तके उलटी लावलेली, पाठी आत आणि पानांच्या कडा बाहेर, त्यामुळे एकाचेही नाव वाचता येत नाही. दाराला मूठ नाही. तेथेही न लिहिलेल्या, न वाचलेल्या आयुष्यांना जागा ठेवली आहे. यापेक्षा अधिक काही त्याविषयी बोलू नये.

अनिश कपूर यांचे नाव आमच्याकडे अधिक परिचित आहे, कारण त्यांचा जन्म १९५४ साली मुंबईचा. शिकागो शहरातले त्यांचे चकचकीत पोलादी शिल्प पाहून आलेले नातेवाईक त्यापुढे काढलेली छायाचित्रे दाखवितात. पण त्यांची खरी ताकद पोकळीत आहे. १९९२ साली जर्मनीतील कासेल येथे त्यांनी एक चौकोनी खोली बांधली. जमिनीच्या मधोमध एक काळे वर्तुळ. पाहणाऱ्याला वाटते गालिचा आहे, नाहीतर रंगाचा डाग. प्रत्यक्षात तो आतून काळा केलेला खोल खड्डा आहे. या कृतीचे नाव त्यांनी मान्तेन्याच्या एका जुन्या चित्रावरून घेतले: मृतांच्या लोकात उतरणारा ख्रिस्त. ऑगस्ट २०१८मध्ये पोर्तुगालमधील पोर्तु येथे तीच कृती मांडलेली असताना एक प्रेक्षक सूचनाफलक असूनही त्यात पडला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने तो बरा झाला. वृत्तपत्रांना विनोदाला विषय मिळाला. आम्हांला मात्र त्या गृहस्थाविषयी आदरमिश्रित सहानुभूती वाटते. "येथे काही नाही, नुसता रंग आहे," असे आपण सारेच ठरवून चालतो; पाऊल पुढे टाकून खात्री करून घेणारा तो एकटा.

तथापि कलावंताने अवकाशाला हात घातला की तो बरोबरच असतो, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांपुढच्या चौकात १९८१ साली रिचर्ड सेरा या नामवंत शिल्पकाराने एकशेवीस फूट लांब आणि बारा फूट उंच अशी गंजक्या पोलादाची किंचित कललेली भिंत उभी केली. चौक दुभंगला. रोज तेथून ये-जा करणाऱ्या कारकुनांना वळसा पडू लागला, दुपारी बसायचा मोकळेपणा गेला, आणि त्यांनी तक्रारी केल्या. माणसाला आपल्या चालण्याची, आपल्या भोवतालच्या जागेची जाणीव व्हावी हाच हेतू होता, असे शिल्पकाराचे म्हणणे. १९८५ साली जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्यांपैकी १२२ जण शिल्पाच्या बाजूने आणि ५८ जण विरुद्ध होते. तरीही ते हलविण्याचा निर्णय झाला आणि मार्च १९८९मध्ये एका रात्री ते कापून नेण्यात आले. कलाप्रेमी अजून त्याबद्दल हळहळतात. आम्ही येथे कारकुनांच्या बाजूचे. ज्यांना ती जागा दररोज पायाखाली घालायची होती त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. सेरांनी अवकाश दाखविण्यासाठी अवकाश भरला. व्हाइटरीडने जो अवकाश जाणारच होता त्याला अकरा आठवडे जास्त दिले. या दोहोंतला फरक ज्याला कळतो त्याने आधुनिक कलेवर खुशाल टीका करावी, आम्ही ऐकून घेऊ.

आता कौन्सिलमधल्या आमच्या मित्रांकडे वळतो. आम्हांला रिकामेपणा परका आहे असे तुम्ही म्हणता? पवित्र गुरुवारी रात्री मिस्सा संपल्यावर काय होते ते आठवा. वेदीवरचे वस्त्र काढले जाते, मेणबत्त्या उचलल्या जातात. टॅबर्नॅकल रिकामे केलेले असते, त्याचे दार सताड उघडे, त्याच्यापुढचा दिवा विझलेला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शिरणारे लहान मूलसुद्धा त्या उघड्या दाराकडे पाहून आवाज खाली घेते. त्या पोकळीचा अर्थ त्याला कोणी प्रदर्शनाच्या पुस्तिकेतून समजावून दिलेला नसतो. जे लोक वर्षातून एक दिवस त्या उघड्या दारापुढे गुडघे टेकतात त्यांनी क्लाइनच्या पांढऱ्या खोलीला हसावे, याचे आम्हांला नवल वाटते.

इसवी सन पूर्व ६३मध्ये रोमन सेनापती पाँपे यरुशलेमच्या मंदिरात घुसला आणि जेथे प्रमुख याजकही वर्षातून एकदाच जाई त्या परमपवित्र स्थानात शिरला. आत मूर्ती नव्हती. तेथे पोकळीच होती, असे रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवितो. त्या सेनापतीलाही ते स्थान रिकामे वाटले असणार. आणि रविवारच्या पहाटे कबरीपाशी आलेल्या स्त्रियांना तरी काय दिसले? आमच्या श्रद्धेची पहिली साक्ष एका पोकळीने दिली आहे. इतके असून वेदीमागे बारा फूट मोकळी भिंत आम्हांला सोसत नाही!

मिलान शहराच्या दक्षिणेकडील कामगारवस्तीत सान्ता मारिया इन किएझा रोसा नावाचे धर्मग्राम आहे. जोव्हान्नी मुत्सिओ या वास्तुतज्ज्ञाने १९३०च्या दशकात बांधलेले तेथील चर्च जीर्ण झाले होते. १९९६ साली तेथल्या धर्मगुरूंनी अमेरिकन कलावंत डॅन फ्लेविनला बोलावणे धाडले. फ्लेविनचे सारे साहित्य म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ट्यूबलाइट, तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात लुकलुकतात त्याच. मुलगा धर्मगुरू व्हावा म्हणून घरच्यांनी त्याला लहानपणी सेमिनरीत घातले होते. मोठेपणी त्याने धर्माकडे पाठ फिरविली आणि आपल्या दिव्यांना आध्यात्मिक अर्थ चिकटविणाऱ्यांना तो झिडकारीत असे. असा माणूस, तोही आजारी. तरी त्याने आराखडा केला. तो पुरा झाल्यावर दोन दिवसांनी, २९ नोव्हेंबर १९९६ रोजी, त्याचा मृत्यू झाला. पुढल्या वर्षी दिवे बसले. मध्यभागी निळा-हिरवा उजेड, आडव्या भागात गुलाबी, आणि वेदीच्या कमानीत सोनेरी. एकही चित्र वाढविलेले नाही, एकही मूर्ती नाही. भिंती आणि त्यांमधली हवा, एवढेच. रात्रीपासून पहाटेपर्यंतचा प्रवास त्या हवेतून होतो असे पाहणारे सांगतात. फ्लेविनने तसे म्हटले असते का, देव जाणे. त्या धर्मगुरूंनी त्याच्याकडून श्रद्धेचा दाखला मागितला नाही, त्याच्या हाताचा गुण मागितला. आमच्याकडे अशा वेळी काय झाले असते ते आम्ही लिहीत नाही.

चर्चच्या अधिकाऱ्यांचेही या बाबतीत नेहमी एकमत असते असे नाही. कलोन कॅथीड्रलमध्ये २००७ साली गेरहार्ड रिक्टर यांनी अकरा हजारांहून अधिक रंगीत काचेच्या चौकोनांची खिडकी केली. तीत संत नाही, प्रसंग नाही. ती मशिदीत अधिक शोभेल, अशा आशयाचे उद्गार तेव्हाचे तेथील कार्डिनल मायस्नर यांनी काढले. खिडकी अजून तेथेच आहे आणि दुपारच्या उन्हात तिचे रंग जमिनीवर पसरतात. त्यापूर्वी ७ मे १९६४ रोजी सहावे पोप पॉल यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावून, चर्चने त्यांच्यावर लादलेल्या बंधनांबद्दल क्षमा मागितली होती. आणि २८ एप्रिल २०२४ रोजी पोप फ्रान्सिस व्हेनिसच्या कलामेळ्याला गेले. असे करणारे ते पहिले पोप. परमपीठाचे दालन त्या वर्षी स्त्रियांच्या तुरुंगात मांडले होते.

कौन्सिलमध्ये असेही सांगण्यात आले की लोकांना सजावट आवडते आणि चर्च लोकांचे आहे. दुसरे विधान आम्हांला मान्य आहे. पहिल्याविषयी मात्र शंका आहे. पंख्यांच्या पात्यांवर आणि बाकांच्या पाठींवर देणगीदारांची नावे, कोनाड्याकोनाड्यांत प्लॅस्टिकची फुले, संतांच्या डोक्यामागे फिरणारी रंगीत दिव्यांची चक्रे, खांबाखांबावर कर्णे: हे लोकांनी मागितले, की देणाऱ्याला देण्याची आणि घेणाऱ्याला नकार न देण्याची सवय जडली? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक घोषणापत्रात नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा आग्रह धरला आणि प्रतिमांची संख्या मर्यादित असावी असेही सांगितले. हे कोणा परदेशी भोंदूचे पुस्तक नव्हे. ते धर्मगुरूंच्या कपाटात असते.

दात्याच्या भावनेचा आम्हांला अवमान करायचा नाही. त्या पैशातून चर्चच्या आवारातील विहिरीची डागडुजी करावी, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. चित्राच्या प्रस्तावावर पुढील महिन्याच्या सभेत मतदान आहे आणि आम्ही हरू असे दिसते. तोवर भिंत पांढरी आहे. ज्यांना ती पाहावयाची असेल त्यांनी संध्याकाळच्या मिस्सेच्या अर्धा तास आधी यावे. तेव्हा दर्शनी भागाच्या गोल खिडकीतून येणारे ऊन वेदीवरून चढत चढत तिच्यावर पोहोचते आणि घंटा होईपर्यंत तेथे थांबते.